कोंबडीची जागा आणि अंड्याचा भाव

जिराईत शेतीस जोडधंदा म्हणून अंड्यांकरितां कोंबड्या पाळणारे आमचे पुष्कळ वाचक आहेत, आणि त्यांपैकीं कित्येकांनीं तारेचे पिंजरे कर्ज काढून बसविले आहेत. त्या पिंजऱ्यांविषयीं लिहितांना कोणास दूषण देण्याचा आमचा हेतु नाहीं, हें प्रथमच सांगून ठेवितों.

युरोपीय संघानें १९९९ सालीं असा नियम केला कीं, साध्या पिंजऱ्यांत दर कोंबडीस निदान ५५० चौरस सेंटिमीटर जागा असावी, आणि १ जानेवारी २०१२ पासून हे साधे पिंजरे अजिबात बंद व्हावेत. आमची हयात महसूल खात्यांत गुंठे आणि आणे मांडण्यांत गेली. संवयीनें आम्हीं टेबलावरचा ए-फोर कागद मोजून पाहिला. तो भरला सुमारें ६२४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे कचेरींतल्या एका कागदाहूनहि कमी जागेंत त्या जिवानें सारें आयुष्य काढावयाचें. पंख पसरणें नाहीं, माती उकरणें नाहीं! हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यांत जनावर कोंडणें हा आपल्याकडेहि १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें गुन्हाच आहे. परंतु कायद्याची चाल सावकाश. युरोपांत बारा वर्षांवर मुदत मिळूनहि २०१२ उजाडलें तेव्हां १३ देशांची तयारी झालेली नव्हती.

गिऱ्हाइकाची चाल निराळी. युरोपांत २००४ पासून अंड्याच्या कवचावर आंकडा छापावा लागतो: ० म्हणजे सेंद्रिय, १ मोकळ्या रानांत फिरणाऱ्या कोंबडीचें, २ शेडमध्यें मोकळ्या ठेवलेल्या कोंबडीचें, ३ पिंजऱ्यांतलें. बाजारांत उभ्या असलेल्या गृहिणीस कलमें वाचावीं लागत नाहींत. ती आंकडा पाहते आणि उचलते किंवा ठेवून देते. अमेरिकेंत मॅकडोनाल्ड्स कंपनीनें २०१५ सालीं जाहीर केलें कीं, दहा वर्षांत पिंजऱ्यांतलीं अंडीं घेणें बंद करूं. तिची तेथील खरेदी वर्षास सुमारें दोन अब्ज अंड्यांची. २०२४ च्या आरंभीं, मुदतीपूर्वींच, अमेरिकेपुरतें हें काम पुरें झाल्याचें तिनें कळविलें.

येथें मात्र आम्हांस एक कांटा टोंचतो. वचन दिलें कंपनीनें, वाहवा केली गिऱ्हाइकानें, शेड मात्र शेतकऱ्यानें बांधावयाची! पिंजऱ्यांच्या चळती काढल्या कीं त्याच शेडमध्यें कोंबड्या कमी मावतात. अंडीं भुईवरून वेंचावीं लागतात, त्यांस मजुरी जास्त. खालीं पसरलेलें भाताचें तूस ओलें राहिलें कीं जंत व रोगराई. एकमेकींस टोंचून पिसें उपटण्याची खोडहि मोकळ्या कळपांत वाढते. हा खर्च कोठें लिहावयाचा? आमच्या मतें तो वचन देणाराच्या खातीं लिहिला पाहिजे. जी कंपनी, जें हॉटेल आम्हांस पिंजरे काढावयास सांगेल, त्यानें जितकीं वर्षें शेडचें कर्ज फिटावयाचें, तितक्या वर्षांचा भाव लेखी बांधून द्यावा. नुसत्या तोंडच्या शब्दावर पिंजरे मोडणें हें शहाणपण नव्हे.

आपल्याकडे अंड्यावर असा शिक्का सक्तीचा नाहीं. त्यामुळें कोणी हौसेनें कोंबड्या मोकळ्या ठेविल्या तरी त्याचीं अंडीं त्याच ढिगांत, त्याच भावानें जातात. शिक्का सुरू व्हावा म्हणून गिऱ्हाइकाच्या आधीं आपणच सरकारकडे अर्ज करावा, असा ठराव येत्या वार्षिक सभेंत यावा. मसुदा आम्ही लिहून देऊं.