पाच गुणिले एक

गेल्या शनिवारी एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलांना 'रिस्क असेसमेंट' शिकवायला गेलो होतो. आपला रोजचाच धंदा, म्हटलं त्यात काय एवढं! फळ्यावर तक्ता काढला. शक्यतेला १ ते ५, परिणामाला १ ते ५, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे जोखीम. उदाहरण घरचंच घेतलं. मी राहतो काशीगावात. पावसाळ्यात, परीक्षेच्या दिवशी, इथून रिक्षाने मीरा रोड स्टेशन आणि तिथून लोकलने अंधेरी गाठायचंय. काय काय बिघडू शकतं?

मुलांनी पटापट यादी केली. रिक्षा न मिळणं, लोकल बंद पडणं, मोबाइलची बॅटरी संपणं, मुंबई तुंबणं. बॅटरी : ५ × १ = ५. तुंबणं : १ × ५ = ५. दोन्ही एकाच पंगतीत! कुणालाच खटकलं नाही. आम्ही तरी ऑफिसात काय वेगळं करतो म्हणा... तो चौकोन हिरवा रंगवतो आणि मीटिंग संपवतो.

मग २६ जुलै २००५ची गोष्ट सांगितली. त्यातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्याला ७५च्याही आत. नुसता कुलाब्याचा आकडा बघणाऱ्याला तो दिवस साधाच वाटला असता. त्यात दुपारी समुद्राला भरती, मग पाणी जाणार कुठे? लोकल थांबल्या, रस्ते बुडाले, वीज गेली, फोन लागेनात. आमच्या तक्त्यात यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत होती. त्या दिवशी सगळं एकदमच घडलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग त्या दिवशी बॅटरी संपण्याचा परिणाम १ कसा?" बास, तास वसूल!

माझं म्हणणं एवढंच, की हा विषय शिकवताना गुणाकार शेवटी यावा. आधी प्रत्येकाने एकट्याने आकडा लिहावा, म्हणजे वर्गातल्या हुशार पोराचं बघून कुणी लिहिणार नाही. मग आकड्यासमोर 'कशावरून?' याचं उत्तर लिहावं. मग शेजाऱ्याशी मनसोक्त भांडावं. आणि शेवटी कुठल्या दोन ओळी एकत्र येऊ शकतात ते शोधावं. मार्क द्यायचे ते कारणाला, आकड्याला नाही.

उद्या हीच मुलं बँकांची आणि हॉस्पिटलांची सॉफ्टवेअरं लिहिणार आहेत. तिथे चुकीचा हिरवा चौकोन कुणाला तरी महागात पडतो, आणि तो रंगवणारा बहुधा नामानिराळा राहतो.

असो. सोमवारी ऑफिसात आमचाच तक्ता उघडणार आहे. सुरुवात हिरव्यापासून.