उत्सव सरकारचा, गाळ महापालिकेचा

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांची यादी आहे. त्यातील बारावी नोंद उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची. तेरावी सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन देण्याची. चौदावी दफनभूमी व दहनभूमीची. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिचा मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाराणसी असण्याचे काही कारण नव्हते. तथापि या तिन्ही नोंदी एकाच दृष्टिक्षेपात पाहावयाच्या असतील, तर शिंदे घाटासारखी दुसरी जागा देशात सापडणे कठीण. दक्षिणेला हाकेच्या अंतरावर मणिकर्णिकेच्या चिता, पायऱ्यांवर क्रिकेट खेळणारी मुले आणि समोर नदीत पर्यटकांना फिरविणाऱ्या होड्या. तिन्ही विषय घटनेने शहराकडे सोपवावयाचे म्हटले आहेत. प्रत्यक्षात त्यांपैकी किती शहराच्या हाती उरले आहेत, हा प्रश्न वाराणसीच्या राजकारणात क्वचितच विचारला जातो.

हा घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये बांधविला. कागलच्या घाटगे घराण्यातील ही कन्या, दौलतराव शिंद्यांची पत्नी आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८२७ पासून १८३३ पर्यंत ग्वाल्हेरची कारभारीण. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा स्तंभमंडपही त्यांनीच १८२८ मध्ये उभारला. घाटाचे बांधकाम इतके अवजड होते की ते स्वतःच्या भाराने खचले आणि पुढे पुन्हा बांधावे लागले. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही सुमारे नऊ अंशांनी कललेले आहे आणि त्याचा गाभारा वर्षातील बराच काळ पाण्यात असतो. पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात. अभियंत्याने पाहिले तर त्याला तेथे नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीचा इशारा दिसेल.

उद्यानाच्या विषयात घाट कसा आला, असा प्रश्न मुंबई-पुण्याच्या वाचकाला पडू शकेल. त्याचे उत्तर काशीच्या नकाशात आहे. पक्का महाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वस्तीत गल्ल्या इतक्या अरुंद आणि घरे इतकी दाट की बागेला जागाच नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. हे माप पक्क्या महालाला लावणे म्हणजे थट्टाच. शहराच्या जुन्या भागातील बागा ज्या आहेत, त्यांपैकी काही तलाव बुजवून झालेल्या आहेत. मैदागिनचा कंपनी बाग मंदाकिनी तलाव आटवून निघालेल्या जागेवर उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात जेम्स प्रिन्सेपसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी शहराचे पाणी निचरून जी जमीन मोकळी केली, तिच्यावर शहराने बागा केल्या. म्हणजे येथे बाग मिळविण्यासाठी तळे गमवावे लागले. उरला तो घाट. असीपासून आदिकेशवापर्यंतचे चौऱ्याऐंशी घाट हेच जुन्या शहराचे मैदान, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, सभागृह आणि संध्याकाळचा कट्टा. तुलसी घाटावर तालीम आहे, पंचगंगेच्या परिसरात कार्तिकात आकाशदिवे लागतात, कोठे पतंग उडतात तर कोठे निवृत्त मंडळी वर्तमानपत्र वाचत बसतात. शिंदे घाट त्यातल्या त्यात निवांत. दशाश्वमेधाची गर्दी येथपर्यंत पोचत नाही.

या मैदानाचा मालक कोण, येथून गुंता सुरू होतो. झाडलोट, दिवे आणि होड्यांचे परवाने महापालिकेकडे. बांधकामाची परवानगी वाराणसी विकास प्राधिकरणाकडे; ही संस्था १९७४ पासूनची, राज्य सरकारने नेमलेली. घाटावरील सांस्कृतिक कार्यक्रम पर्यटन आणि संस्कृती खात्यांकडे. असी घाटावर २०१४ मध्ये सुरू झालेला 'सुबह-ए-बनारस' हा रोजचा पहाटेचा उपक्रम याच वाटेने आला. नदीच्या शुद्धीकरणाचा खर्च केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ गंगा अभियानाकडे, जलमार्ग आणि धक्के अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे. मंदिर परिसरासाठी २०१८ मध्ये कायदा करून स्वतंत्र विकास परिषद निर्माण झाली. २०१६ मध्ये वाराणसीची स्मार्ट सिटीसाठी निवड झाल्यावर त्या कामासाठी कंपनी कायद्याखाली आणखी एक कंपनी आली. वाराणसीच्या मतदाराने २०२३ मध्ये शंभर प्रभागांतून नगरसेवक आणि थेट मतदानाने महापौर निवडला. (महाराष्ट्रातील महापौराला नगरसेवक निवडतात; उत्तर प्रदेशात जनता निवडते. जनादेशाच्या आकारात फरक आहे, अधिकारांत फारसा नाही.) परंतु वर उल्लेखिलेल्या बहुतेक संस्थांत निर्णय घेतो तो सनदी अधिकारी.

घटनेने यात महापालिकेला फसविले असे म्हणता येणार नाही. अनुच्छेद २४३-डब्ल्यूची शब्दरचनाच अशी आहे की राज्य विधिमंडळ कायद्याने हे अधिकार देऊ 'शकेल'. उत्तर प्रदेशाचा महापालिका कायदा १९५९ चा आहे. घटनादुरुस्तीनंतर त्यात बदल झाले, पण समांतर प्राधिकरणे मोडीत निघाली नाहीत. लखनौमध्ये सरकारे आली आणि गेली. समाजवादी, बहुजनवादी, भाजप, यांपैकी कोणालाही विकास प्राधिकरण महापालिकेच्या स्वाधीन करावेसे वाटले नाही. या एका बाबतीत सर्वपक्षीय एकमत आहे.

महापालिकेने स्वतःचा अधिकार वापरून पाहिला, तेव्हा काय झाले तेही लक्षात घेण्यासारखे आहे. २०२० च्या जुलैमध्ये नदीकाठाची देखभाल व नियंत्रण यांसाठी तिने उपविधी आणले. घाटावरील कार्यक्रमांना शुल्क, घाण करणाऱ्याला दंड, आणि घाटावर बसणाऱ्या पुरोहितांनाही वर्षाकाठी शुल्क असा त्याचा आशय होता. करोनाच्या टाळेबंदीने यात्रेकरू नाहीसे झाले होते आणि नेमक्या त्याच वेळी ही आकारणी आली. तीर्थपुरोहित संतापले, विरोधकांना आयता मुद्दा मिळाला, आणि पुरोहितांवरील शुल्क काही दिवसांतच मागे घ्यावे लागले. वेळ चुकली, यात शंका नाही. परंतु मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला: जेथे लाखो लोक येतात त्या जागेच्या देखभालीचे पैसे कोणी द्यावयाचे?

देवदीपावलीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कार्तिक पौर्णिमेचा हा दीपोत्सव पंचगंगा घाटाशी जोडलेला. तेथील दगडी 'हजारा' दीपस्तंभाचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात घाटोघाटच्या समित्यांनी वर्गणी काढून, पणत्या-तेल जमवून तो वाढविला. दशाश्वमेधावरील रोजची गंगा आरतीही १९९० च्या दशकापासून खासगी संस्थाच चालवीत आल्या. म्हणजे काशीतील आजचे दोन सर्वांत प्रसिद्ध कार्यक्रम कोणत्याही सरकारी खात्याने जन्माला घातलेले नाहीत. पुढे पर्यटन खाते आले, लेझर आणि ध्वनिप्रकाश आला. ३० नोव्हेंबर २०२० रोजी पंतप्रधान स्वतः या सोहळ्याला उपस्थित राहिले. २०२४ च्या देवदीपावलीच्या दिवशी तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते नमो घाटाचे उद्घाटन झाले. पूर्वीचा खिडकिया घाट तो हाच. वाहनतळ, खाद्यपदार्थांची दालने, नमस्काराच्या मुद्रेतील भव्य हातांची शिल्पे, हेलिकॉप्टर उतरण्याची सोय. एखाद्या परदेशी शहराच्या उद्यान विभागाला हेवा वाटावा असे सर्व तेथे आहे. रस्त्याने थेट पोचता येणारा घाट वृद्धांच्या आणि अपंगांच्या सोयीचा आहे, हेही मान्य केले पाहिजे. काशीच्या उंच पायऱ्यांनी त्यांना आजवर दूरच ठेवले होते.

सोयी झाल्या नाहीत, अशी तक्रार वाराणसीबद्दल कोणी करू शकत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये जपानच्या साहाय्याने रुद्राक्ष सभागृह झाले, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सिगऱ्याच्या नव्या क्रीडासंकुलाचे उद्घाटन झाले, बेनियाबागेचा कायापालट झाला. पंतप्रधानांचा मतदारसंघ असल्याचा हा लाभ आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. इतर शहरांची स्थिती पाहावी. अमृत योजनेत २०१५ मध्ये बागा आणि मोकळ्या जागांसाठी राज्यांच्या वार्षिक आराखड्यातील जास्तीत जास्त अडीच टक्के रक्कम ठेवण्यात आली होती. बहुतेक शहरांच्या वाट्याला त्यातून बाके आणि घसरगुंड्या आल्या. वाराणसीची अडचण वेगळी आहे. येथे सुविधा वरून येते आणि तिचे संगोपन खाली ढकलले जाते. स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले. त्यातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेचे वीजबिल, रंगरंगोटी आणि पहारा यांचा भार कोणत्या लेखाशीर्षाखाली जावयाचा, हा प्रश्न केवळ हिशेबनिसाचा नाही.

नदीचा वापर कोणासाठी, या वादात नाविक समाजाची बाजू सर्वांत दुबळी ठरली आहे. निषाद आणि मल्लाह कुटुंबे पिढ्यान् पिढ्या होड्यांवर जगतात. २०१८ मध्ये वातानुकूलित 'अलकनंदा' क्रूझ सुरू झाली तेव्हा त्यांनी विरोध केला. नंतर डिझेलच्या होड्यांना सीएनजी यंत्रे बसविण्यात आली. धूर आणि आवाज कमी झाला, हे चांगलेच झाले. परंतु मोठ्या बोटींचा मार्ग आणि थांबे ठरविताना त्या कुटुंबांचे मत किती घेतले गेले? पलीकडच्या वाळूवर २०२२-२३ च्या हिवाळ्यात पर्यटकांसाठी तंबूनगरी उभी राहिली. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि २०२३ मध्ये लवादाने ती पुन्हा उभारण्यास मनाई केली. त्याआधी २०२० मध्ये रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतच्या सात किलोमीटर पात्रातील कासव अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला होता. १९८९ मध्ये ते घोषित झाले तेव्हाचा हेतू असा, की अर्धवट जळालेल्या मृतदेहांचा निचरा कासवांनी करावा. १४ जून १९८६ रोजी वाराणसीतच राजीव गांधींनी सुरू केलेल्या गंगा कृती योजनेची ती एक शाखा होती. कासवांचे अभयारण्य जाते आणि त्याच पात्रात करमणुकीचे नवे प्रकल्प येतात, या क्रमाकडे तरी पाहिले पाहिजे.

मराठी वाचकाला या साऱ्यात एक जिव्हाळ्याचा धागा आहे. दशाश्वमेध, मणिकर्णिका, भोसले घाट, शिंदे घाट. पेशवे, होळकर, भोसले, शिंदे यांनी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत गंगेच्या काठावर जे खर्च केले, त्याला आजच्या भाषेत सार्वजनिक सुविधा म्हणतात. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट या भागांतील मराठी कुटुंबे त्या काळाच्या खुणा आहेत. परंतु संस्थाने विलीन झाली आणि परप्रांतातील या मालमत्तांना वाली उरला नाही. होळकरांच्या खासगी ट्रस्टकडे देशभरातील २४६ धर्मादाय मालमत्ता होत्या. त्यांतील हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या व्यवहारावरून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०२२ च्या निकालात न्यायालयाने या मालमत्ता राज्य सरकारच्या नव्हे तर ट्रस्टच्या असल्याचे मानले, त्याचबरोबर ट्रस्टने मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी करावी आणि झालेल्या हस्तांतरणांची चौकशी व्हावी असेही सांगितले. घाट एका राज्यात, न्यास दुसऱ्या राज्यात आणि त्यांच्याविषयी आस्था तिसऱ्या राज्यात, अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे.

महाराष्ट्र सरकारची आस्था किल्ल्यांपुरती फलदायी ठरली. युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२१ मध्ये भारताची जी सहा स्थळे गेली, त्यांत मराठा लष्करी वास्तुरचना होती आणि वाराणसीचा ऐतिहासिक नदीकाठही होता. किल्ल्यांना ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली; नदीकाठ तेव्हा संभाव्य यादीतच होता. किल्ल्यांमागे एक राज्य सरकार, त्याचे पुरातत्त्व खाते आणि लोकभावना उभी होती. घाटांमागे संस्था अनेक आहेत, पण अर्ज पुढे रेटणारी एकच संस्था असावी लागते. शिवाय वारसा दर्जा मागावयाचा आणि त्याच वेळी जुन्या बांधणीत मोठे फेरबदल करावयाचे, हे दोन्ही एकत्र चालविणे सोपे नाही. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले, त्यासाठी तीनशेहून अधिक घरे-दुकाने खरेदी करण्यात आली. मंदिराचा परिसर सुमारे तीन हजार चौरस फुटांवरून पाच लाख चौरस फुटांवर गेला आणि यात्रेकरूंची घुसमट थांबली. अहिल्याबाईंचा पुतळाही तेथे बसला. त्यानंतर ७ जुलै २०२३ रोजी मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. शिंदे घाट मणिकर्णिकेला लागून आहे. शेजारी पाया खणला जात असताना एकदा खचलेल्या घाटाच्या भूगर्भाची तपासणी कोणी करावयाची, हे कोणत्या संस्थेच्या अधिकारपत्रात लिहिले आहे?

दिल्लीतून पाहताना वाराणसीचे अंदाजपत्रक प्रकल्पांच्या आकड्यांत दिसते. घाटावरून पाहिले तर ते पाण्याच्या पातळीत दिसते. येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, १९७८ च्या महापुरात ती ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. मोठ्या पुरात घाटांमधील वाट तुटते, आरती गच्चीवर जाते, मणिकर्णिकेचे दहन वरच्या चौथऱ्यावर आणि छतावर करावे लागते. पाणी उतरले की पायऱ्यांवर गाळाचे थर राहतात. पंप लावून, पाण्याचे फवारे मारून तो पुन्हा नदीतच सोडला जातो, आणि हे काम देवदीपावलीच्या आत संपवावे लागते. पावसाळा लांबला तर हाती जेमतेम काही आठवडे उरतात. उत्सवाच्या फलकांवर खात्यांची नावे ठळक असतात. गाळ काढणारे मजूर मात्र महापालिकेचे आणि तिच्या कंत्राटदारांचे. दशाश्वमेध आणि असी आधी धुतले जातात, कारण पाहुणे तेथे येतात. शिंदे घाटाचा क्रम त्यानंतर लागतो, आणि तोपर्यंत मुले गाळ सुकलेल्या वरच्या दोन पायऱ्यांवरच यष्ट्या रोवतात.