उंबऱ्याखालचे अंगण

डोंबिवली-कल्याणातल्या जुन्या इमारतींची अंगणे हळूहळू वर चढत आहेत. कोबा उखडला की सोसायटी त्याच्यावरच नवा थर ओतते. बाहेरचा रस्ताही असाच वाढत गेलेला. मधल्यामध्ये तळमजल्याचा उंबरा खाली जातो आणि पावसाळ्यात पाणी घरात शिरते. २६ जुलै २००५ नंतर तरी हे आपल्याला उमजायला हवे होते!

माझ्या मते, सगळे अंगण फोडूही नये आणि झाकूही नये. हातोडीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज येईल तेवढाच भाग काढावा, कडा छिन्नीने खरवडून धुवाव्यात, सिमेंटचे दाट पाणी फिरवून ते ओले असतानाच बारीक खडीचे काँक्रीट जुन्या पातळीइतकेच भरावे. उतार गटाराकडे, शंभर फुटांना एक फूट. वर ओली गोणपाटे, निदान सात दिवस. (मंडपाच्या बांबूंचे खड्डेही याच वेळी बुजवावेत.) पाण्याच्या पाइपावर मात्र शहाबादी फरशीच बरी; पाइप फुटला तर उचलता येते.

कंत्राटदार कुरकुरतो, चौरस फुटाच्या दरात ठिगळे बसत नाहीत. म्हणून ठरावाआधी तळमजल्याच्या बिऱ्हाडांना बोलू द्यावे. सभेत ती दोन-तीनच असतात.