पथ्य एकट्याचे नसते

मराठीला दुखण्याच्या शब्दांची वाण कधीच पडलेली नाही. डोके ठणकते, दाढ ठुसठुसते, पाठीत उसण भरते, जखम चुरचुरते. पण मज्जातंतूंच्या दुखण्याची गोष्ट निघाली की हीच भाषा उपमांच्या आश्रयाला जाते. पायांना मुंग्या येतात, तळवे निखाऱ्यावर ठेवल्यासारखे होतात, कोणी टाचण्या टोचतो आहे असे वाटते, तर कधी कापसावरून चालल्याचा भास होतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, ताप नाही. न दिसणाऱ्या दुखण्यावर लोकांचा विश्वास कमी आणि सल्ला जास्त असतो, आणि आपल्याकडे सल्ल्याची सुरुवात ताटापासून होते.

भात बंद करा. वाल, वाटाणा, हरभरा वातूळ, ते तर नकोच. वांगे, बटाटा सोडा. आंबट सोडा. सकाळी मेथीचे पाणी घ्या. एकाच आठवड्यात पाच हितचिंतक भेटले तर पाचही जणांच्या याद्या वेगळ्या निघतात. त्या सगळ्या पाळायच्या म्हटल्या तर ताटात उरते ती मूगडाळीची खिचडी आणि मनात उरते ती भीती. माझ्याही तळपायांना गेली काही वर्षे ही आग सोबत करते आहे, त्यामुळे या याद्यांचा माझा संग्रह बऱ्यापैकी मोठा आहे. पण एक गोष्ट लक्षात येते. काय खाऊ नये हे सांगणारे पुष्कळ असतात. ते ताट रोज तयार कोण करणार, याचा विचार त्या याद्यांत कुठेच नसतो. आजचा विषय तो आहे.

आधी दुखण्याचे मूळ पाहू. मज्जातंतूंच्या दुखण्याची कारणे अनेक आहेत. मणक्यात दबलेली नस, नागीण होऊन गेल्यावर मागे राहिलेली कळ, दारूचे व्यसन, काही औषधे, आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे मधुमेह. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की मज्जातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा होते. सर्वांत लांब तंतू आधी हरतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज मांडला गेला. यातल्या सगळ्यांचे पाय जळतात असे नाही. पण ज्यांचे जळतात त्यांची संख्या लहान असणे शक्य नाही.

अन्नाचा आणि मज्जातंतूंचा संबंध खरा आहे, ही समजूत नव्हे. त्याचा शोध कसा लागला ती कथा मोठी बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्तियान आयकमन नावाचा डच वैद्य बेरीबेरीचा शोध घेत होता. या रोगात हातापायांच्या नसा निकामी होतात. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लंगडू लागल्या आणि काही काळाने तितक्याच अचानक बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला आणि लष्कराचा तांदूळ बाहेरच्या कोंबड्यांना देणार नाही म्हणाला. कोंबड्या पुन्हा साध्या, न सडलेल्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. तांदूळ सडताना कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जात होते, हे पुढे स्पष्ट झाले. आयकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी लहानसे केंद्र सुरू केले. तेच वाढत वाढत हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाले. कोकणातला उकडा तांदूळ या रोगापासून राखण करतो तो याच कारणाने. उकडताना ते जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते.

या कथेतून दोन धडे निघतात. जिथे कमतरता आहे तिथे अन्न हे औषधासारखे काम करते, हा पहिला. म्हणून प्रत्येक कळ अन्नाने बरी होते असा अर्थ काढता येत नाही, हा दुसरा. मणक्यात दबलेली नस मेथीने मोकळी होत नाही. कमतरता कोणती आहे हे आधी शोधावे लागते.

आपल्याकडे ती शोधण्याची जागा ठरलेली आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व मज्जातंतूंवरचे आवरण राखते. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असते तसे. ते वनस्पतीत मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतच मिळते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ पुरुषांची तपासणी केली. त्यांत खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तिन्ही होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये ब-१२ कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गीयांत हे प्रमाण ८१ टक्के होते. पोटभर जेवणाऱ्या वर्गातच ही तूट सर्वांत मोठी निघावी, याला काय म्हणावे?

शाकाहारी माणूस यावर सांगतो, ‘आम्ही दूध घेतो की!’ घेतो म्हणजे काय, तर दिवसाचे तीन चहा. माणसाची रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅमची. अर्धा लिटर दुधात ती कागदावर जवळजवळ भागते, पण उकळताना त्यातला काही भाग जातो. चहातल्या चार चमचे दुधाने ती भागण्याचा प्रश्नच नाही. वाटीभर दही, ग्लासभर ताक, पेलाभर दूध हे ज्याच्या दिवसात खरोखर असते त्याची गोष्ट वेगळी. अंडे चालत असेल तर उत्तम, आणि मासे खाणाऱ्या घरात बांगडा किंवा तारली असेल तर दिवसाच्या गरजेहून अधिक ब-१२ एका जेवणात मिळते. गंमत अशी की हे मासे पापलेटपेक्षा स्वस्त, म्हणून पाहुण्यांना वाढायला आपण लाजतो. इडलीच्या आंबवलेल्या पिठात किंवा शेवाळाच्या महागड्या पावडरीत ब-१२ मिळते या समजुतीवर मात्र विसंबू नये.

इथे आणखी एक पेच आहे. मधुमेहावर सर्वाधिक दिले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतले तर ब-१२ घटू शकते. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२२ साली याबाबत डॉक्टरांना नव्याने सावध केले. आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचेही तसेच, आणि उतारवयात ते शोषून घेण्याची पोटाची ताकदही कमी होते. म्हणजे पायांची आग मधुमेहाची आहे असे समजून माणूस भाकरी मोजत बसतो आणि निम्मे कारण दुसरेच असते. एका रक्ततपासणीने कळणारी आणि गोळीने किंवा इंजेक्शनने भरून निघणारी तूट नुसत्या पथ्यावर सोडणे हा शहाणपणा नव्हे. मात्र ‘नसांची गोळी’ म्हणून दुकानातून आपल्या मनाने आणून महिनोन्‌महिने खाणे हाही नव्हे. ब-६ हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेच मज्जातंतूंना इजा होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रौढांसाठी त्याची कमाल मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅम ठरवली. जेवणातून कोणी तिथवर पोचत नाही; गोळ्यांतून सहज पोचतो.

आता ताटाकडे वळू. सध्या ज्वारीला चांगले दिवस आले आहेत, याचा आनंदच आहे. पण भाकरी म्हणजे साखर नव्हे, म्हणून कितीही खा, हा समज चुकीचा. शंभर ग्रॅम ज्वारीत आणि शंभर ग्रॅम गव्हात पिष्टमय भाग जवळपास सारखाच, पासष्ट ते अडुसष्ट ग्रॅमच्या घरात असतो. फरक पडतो तो भाकरी किती आणि तिच्याबरोबर काय, यात. दोन भाकऱ्या आणि ठेचा हे एक जेवण. एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, मेथीची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक हे दुसरे. दुसऱ्यात साखर सावकाश चढते. भातही पूर्ण सोडावा लागत नाही. मूद लहान करावी, आमटी दाट करावी, भाजी आधी खावी. डाळी आणि कडधान्ये ‘वातूळ’ म्हणून सरसकट काढून टाकली, तर शाकाहारी ताटातली प्रथिने जातात आणि त्यांची जागा पुन्हा भात आणि पोळी घेते. ज्याला एखाद्या कडधान्याचा त्रास होतो त्याने ते टाळावे. बाकीच्यांनी ते भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खावे. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर केळे, म्हणजे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण जणू मधुमेह्यासाठीच झालेली.

घाईही नको. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर ठेवल्याने मज्जातंतूंचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात फायदा इतका ठसठशीत नाही, पण दिशा तीच. उलट, उपाशी राहून आणि औषधे वाढवून चार आठवड्यांत साखर धाडकन खाली आणली तर काहींची आग अधिकच भडकते. इजा झालेला तंतू वाढलाच तर दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाच्या भाषेत सांगायचे तर उपाशीपोटीची साखर म्हणजे त्या दिवशीची रोकड आणि तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी म्हणजे ताळेबंद. रोकड पाहून कोणी धंद्याची प्रकृती ठरवत नाही.

आणि आता मूळ प्रश्न. हे सगळे पाळायचे कोणी? कादंबरी लिहिताना पात्र काय खाते हे ठरवावे लागते. पण त्याला वाढते कोण, हे ठरले की घर उभे राहते. पाय जळतात ते घरच्या कर्त्या पुरुषाचे असतील तर त्याच्यासाठी वेगळी भाजी होते, वेगळी भाकरी थापली जाते. पाय जळतात ते घरच्या बाईचे असतील तर? ती त्याच पायांवर ओट्याशी उभी राहते, सगळ्यांना गरम वाढते आणि शेवटी कालची पोळी, उरलेला भात आणि पातेल्याच्या तळाची आमटी घेऊन बसते. तिच्या ताटातली उसळ संपलेली असते, दही मुलांना गेलेले असते. डॉक्टरांनी दिलेला पथ्याचा कागद फ्रीजवर लावलेला असतो आणि तो वाचायला तिच्याखेरीज कोणाला वेळ नसतो. तिने स्वतःसाठी वेगळे काही केले तर ते कौतुक ठरत नाही, लाड ठरतात.

घराबाहेर तर आणखी कठीण. रात्रपाळीचा रखवालदार, रिक्षावाला, दिवसभर उभे राहून दुकानात काम करणारी मुलगी यांच्या वाटेवर वडापाव आहे, गोड चहा आहे, बिस्किटे आहेत. उसळ, ताक, उकडलेले अंडे शोधावे लागते. आणि जिथे अन्न मुबलक आहे तिथे आग्रह आहे. ‘एका लाडवाने काही होत नाही हो!’ असे म्हणणारा यजमान प्रेमानेच बोलत असतो. पण रात्री दोन वाजता पायावरची चादरही सोसत नाही, तेव्हा तो तिथे नसतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की पथ्याचे खाते एकट्याच्या नावावर ठेवू नये. ते घराचे संयुक्त खाते असावे. दाट आमटी, लहान मूद, रोजची उसळ, वाटीभर दही यांत असे काहीही नाही, जे घरातल्या बाकीच्यांनी खाऊ नये. एकाच्या दुखण्यासाठी सगळ्यांचे ताट बदलले तर वेगळा स्वयंपाक वाचतो, आजाऱ्याला पंगतीतून उठवल्यासारखे वाटत नाही, आणि पुढच्या पिढीच्या पायांचीही थोडी राखण होते. जी रांधते तिचे पान आधी वाढले जावे, निदान तिच्या वाटणीची उसळ आणि दही बाजूला काढून ठेवले जावे, एवढे तर आजच्या आज करता येते.

सरकारकडे आणि डॉक्टरांकडेही थोडे मागणे आहे. जिल्हा रुग्णालयांत असंसर्गजन्य रोगांचे कक्ष आहेत. तिथे पाय जळतात म्हणून येणाऱ्याची साखर पाहिली जाते तसे ब-१२ ही पाहिले जावे. ‘गोड बंद, भात बंद’ या चार शब्दांऐवजी त्या रुग्णाच्या गावात आणि त्याच्या कमाईत बसेल असे ताट सांगणारा माणूस तिथे असावा. आणि तो कागद रुग्णाच्या हाती देताना घरातल्या आणखी एकाला समोर बसवून समजावला जावा.

आयकमनच्या कोंबड्या बऱ्या झाल्या त्या त्यांनी पथ्य पाळले म्हणून नव्हे, वाढणाऱ्याने ताट बदलले म्हणून. माणसाला निवड असते, असे आपण म्हणतो. पण दुखणाऱ्या माणसाची निवड पुष्कळदा दुसऱ्याच्या हातातल्या पळीत असते. ती पळी ज्याच्या हातात आहे त्याने हे एवढे ध्यानात ठेवले, तरी बरीच आग निवेल.