सध्या काय ऐकताय?

दोन संगीतवेडे भेटले की प्रकृती, मुलाबाळांची खुशाली, पाऊसपाणी हे सगळे दोन मिनिटांत आटोपते. मग खरा प्रश्न येतो : ‘सध्या काय ऐकताय?’ या प्रश्नाला ‘मालकंस’ एवढे उत्तर चालत नाही. कोणाचा मालकंस, बंदिश कुठली, रेडिओवरचा की मैफलीतला, तबल्याला कोण, त्या काळात गवयाचा आवाज कसा लागत होता, हे सगळे ओघाने यावे लागते. बाजूला बसलेल्या तिऱ्हाइताला वाटते, काय ही रिकामटेकडी मंडळी! घरच्यांना तर त्याची खात्रीच असते. माझे म्हणणे असे की, आपल्या अभिजात संगीताचा संसार गायक-वादकांच्या बरोबरीने या रिकामटेकड्या चौकशीनेही चालवला आहे. आणि ही चौकशी आता मंदावत चालली आहे.

ध्वनिमुद्रित गाणे ही आपल्याकडे सुरुवातीपासून वाटून घेण्याची गोष्ट होती. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकड्या तयार होणार जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारे कोण हे कळावे म्हणून गाणे संपताच गौहरजान आपले नाव इंग्रजीत सांगत असे. पुढे या लाखेच्या तबकड्या गावोगाव पोचल्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. तबकडी महाग आणि वाजवण्याचे यंत्र त्याहून महाग. त्यामुळे ग्रामोफोन एकाचा आणि ऐकणारा सगळा वाडा, असाच प्रकार असे. लहानग्या भीमसेन जोशींना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीने झपाटले ते ध्वनिमुद्रिकेवरून, आणि १९३३ साली हा मुलगा गुरूच्या शोधात गदगचे घर सोडून निघाला. कुमार गंधर्व बालपणी थोरामोठ्यांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवीत आणि सभा थक्क करीत. ही गाणी त्या मुलांच्या कानांवर पडली, कारण कोणीतरी ती चारचौघांत लावली होती.

माझी स्वत:ची श्रवणाची शाळा बँकेच्या बदल्यांनी चालवली. नव्या गावी रुजू झालो की घर, दूधवाला आणि गॅसची सोय पाहून झाल्यावर मी गाणे ऐकणारा माणूस शोधत असे. तो सापडतोच. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी तहसील कचेरीतले एक निवृत्त अव्वल कारकून पेन्शन घ्यायला शाखेत येत. त्यांच्या पिशवीतून एकदा कॅसेट डोकावली आणि आमची ओळख झाली. मी त्यांना काका म्हणे. ते मात्र अखेरपर्यंत मला ‘साहेब’च म्हणत राहिले. काकांचे नियम कडक होते. मूळ ध्वनिफीत घराबाहेर जायची नाही, मिळेल ती प्रत. खासगी मैफलीच्या मुद्रणाचा पैसा करायचा नाही. आणि तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा : कॅसेटीबरोबर चिठ्ठी हवीच.

त्यांनी अमीर खाँसाहेबांचा मारवा मला दिला, तेव्हा चिठ्ठीत एवढेच लिहिले होते : ‘साहेब, षड्जाची वाट पाहा. घाई करू नका.’ खाँसाहेबांच्या त्या प्रसिद्ध एलपीच्या एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात षड्ज सहजासहजी हाती लागत नाही. कोमल ऋषभ आणि धैवत यांच्याभोवती गाणे फिरत राहते आणि ऐकणाऱ्याला संध्याकाळच्या वेळी घरापासून लांब असल्यासारखे वाटते. हे ज्ञान पुस्तकातही मिळाले असते. पण काकांच्या त्या दोन वाक्यांनी मला वाट पाहायला बसवले. शेवटी षड्ज लागला, तेव्हा मारवा म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळले. बदली झाल्यावरही आमची पार्सले चालू राहिली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, आणि नेमकी द्रुत रंगात आली की खट् आवाज होऊन यंत्र थांबते. काका त्याचीही सूचना आधी देत : ‘इथे तुटते, मनाची तयारी ठेवा.’

सगळेच संग्राहक असे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे अमुक मैफल आहे एवढे कळू द्यायचे आणि ऐकवायचे मात्र नाही, अशी एक जात होतीच. लॉकरमधल्या दागिन्याचे समजू शकते. लॉकरमध्ये ठेवलेला यमन कोणाच्या कामाचा? उलट ज्यांनी दारे उघडी ठेवली, त्यांनी संस्था उभ्या केल्या. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. जुन्या तबकड्या एकत्र बसून ऐकायच्या, त्यांची माहिती जमवायची आणि ती ‘द रेकॉर्ड न्यूज’ या आपल्या नियतकालिकातून छापायची, असे तिचे काम. हौसेपोटी केलेल्या या नोंदी आज अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

एका माणसाने मनापासून केलेली शिफारस किती दूर जाऊ शकते? १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अवकाशात सोडली. त्यांच्यावर पृथ्वीची ओळख सांगणारी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली आहे. तीत भारतीय संगीताचा एकच नमुना आहे : गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. निवड करणाऱ्या कार्ल सेगन यांच्या चमूला ती सुचवली रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने. तबकडी तेव्हा बाजारात मिळेनाशी झाली होती. शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ झेपावले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचा तो सूर आज सूर्यमालेतल्या ग्रहांच्या कितीतरी पलीकडे गेला आहे. त्याच्या मुळाशी आहे ते ‘हे ऐकाच’ असे म्हणणारे एक माणूस.

आता आजचे पाहू. ज्या मुद्रणासाठी आम्ही आठवडेच्या आठवडे पोस्टमनची वाट पाहिली, ते माझ्या नातीच्या फोनवर क्षणात वाजते. यात रडण्यासारखे काही नाही. खेड्यातल्या मुलीला मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, निखिल बॅनर्जी विनासायास ऐकायला मिळावेत, यापरते भाग्य कोणते? पण पाठवणे निराळे आणि सुचवणे निराळे. सकाळपासून माझ्या फोनवर पाच-सहा राग येऊन पडतात. पाठवणाऱ्याने त्यातले किती ऐकलेले असतात, हे मी विचारत नाही. मैत्री टिकवायची असते. बरोबर चिठ्ठी नसते. पुष्कळदा गवयाचे नावही चुकलेले असते. कधी जुनी तबकडी चुकीच्या गतीने फिरवून उतरवलेली असते, त्यामुळे गायकाची पट्टी चढते आणि भारदस्त आवाज पोरसवदा होतो. ज्याला मूळ गाणे ठाऊक आहे त्यालाच ही गफलत कळणार. आणि तो जाणकार तर आपल्या घरात मुकाट बसलेला आहे, कारण त्याला कोणी काही विचारतच नाही.

खरा धोका इथे आहे. माझ्या पिढीतले ऐकणारे एकेक करून निघाले आहेत. त्यांच्या मागे उरतात कपाटभर कॅसेटी, काहींवर नुसती तारीख, काहींवर ‘मारू बिहाग, अप्रतिम’ एवढेच. मुलांना फ्लॅट रिकामा करायचा असतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कॅसेटी भंगारात जातात, तबकड्या जुन्या बाजारात. फिती तरी एखादी संस्था वाचवू शकेल. पण तो कोण, कुठे, कधी गायला आणि त्या रात्री काय विशेष घडले, ही माहिती माणसाबरोबरच जाते. या माहितीचे मोल पाहायचे तर भास्करबुवा बखल्यांचे उदाहरण घ्या. बुवा १९२२ साली गेले, मागे एकही ध्वनिमुद्रिका न ठेवता. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत होते, त्यांचीही तबकडी नाही. तरीही हे दोघे आपल्याला परके वाटत नाहीत. गोविंदराव टेंबे यांनी ‘माझा संगीत व्यासंग’मध्ये आणि बी. आर. देवधरांनी ‘थोर संगीतकार’मध्ये आपण काय ऐकले ते लिहून ठेवले म्हणून. तिथे गाणे उरले नाही, ऐकणाऱ्याची साक्ष उरली. आपल्या वाट्याला उलटा प्रसंग येऊ पाहतो आहे. गाणे ढीगभर उरेल आणि त्याच्याविषयी सांगणारे कोणी नसेल.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. ज्यांच्याकडे संग्रह आहे त्यांनी हातपाय चालताहेत तोवर वही करावी : मुद्रण कोणाचे, कुठले, साथीला कोण, आपल्याकडे कोणाकडून आले आणि ऐकताना कुठे कान द्यावा. बँकेत आम्ही तारण ठेवलेल्या प्रत्येक डागाची नोंद करत होतो. सुरांची नोंद तेवढ्या काळजीने व्हायला काय हरकत आहे? ज्यांच्याकडे संग्रह नाही त्यांनी महिन्यातली एक संध्याकाळ चार घरांनी मिळून ऐकण्यासाठी ठेवावी. एकच मुद्रण लावावे, पूर्ण ऐकावे, मग चहा घेत बोलावे. तरुण मुले आली तर त्यांना घराण्यांवर व्याख्यान देऊ नये. कुठे थांबायचे तेवढे सांगावे. आणि ती जे ऐकत असतील तेही लावू द्यावे, कारण विचारपूस दोन्ही बाजूंनी असली तरच टिकते.

आज रविवार आहे. दुपारच्या झोपेआधी अर्धा तास सहज निघेल. आपल्या आवडीचे एक मुद्रण शेवटपर्यंत ऐका, आणि मग ते एकाच माणसाला पाठवा. सोबत दोन ओळी स्वत:च्या शब्दांत लिहा. पलीकडून लगेच उत्तर येणार नाही. येऊही नये, त्याला ऐकायला वेळ लागेल.