नावाचा मध आणि नावाची राखण

लंडन शहरात पिकॅडिली रस्त्यावर फोर्टनम अँड मेसन या नावाचे, १७०७ साली स्थापन झालेले एक जुने दुकान आहे. २०१३ साली या दुकानात विल्टशायर परगण्यातील एका घरच्या बागेतला मध विक्रीस आला. ते घर इंग्लंडचे तत्कालीन युवराज चार्ल्स यांच्या पत्नी कॅमिला यांचे. बाटल्या अवघ्या २५० होत्या. प्रत्येकीची किंमत २० पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने पावणेदोन ते दोन हजार रुपये होती, आणि विक्रीची रक्कम धर्मादाय कार्यास जावयाची होती. साधा मध त्याच देशात याच्या लहानशा अंशात मिळतो. तरीही त्या बाटल्या संपल्या.

ही हकिकत मी मधपाळांच्या एका बैठकीत सांगितली, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “साहेब, राणीच्या माश्यांना राणीचा भाव. आमच्या माश्या पाटलाच्याही नाहीत!” सारे हसले, मीही हसलो. तथापि, हे म्हणणे मला पुरते पटलेले नाही. त्या किमतीत राजघराण्याचे नाव होते हे खरे. परंतु मध कोठला हे गिऱ्हाइकास नेमके ठाऊक होते, बाटल्या मोजक्या होत्या, आणि संपल्यावर दुसरीकडचा मध त्याच चिठ्ठीखाली विकला जाणार नाही याची जबाबदारी घेणारे कोणी तरी होते. यांपैकी एकाही गोष्टीला राजवाडा लागत नाही.

नावाजलेली जागा म्हणजे राजाचीच जागा असेही नाही. आपल्या सह्याद्रीत महाबळेश्वर हे नाव पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडी आहे. तेथील स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. या रानात सातेरी माशी जांभूळ, हिरडा आणि गेळा यांच्या फुलांवरून मध आणते, आणि काही वर्षांच्या अंतराने एकदाच फुलणारी कारवी बहरली की त्या साली कारवीचा मध मिळतो. आपल्या देशाच्या अन्नमानकांत मधातील सुक्रोज साखरेची मर्यादा सर्वसाधारण मधास ५ टक्के आहे. कारवीच्या मधास मात्र नाव घेऊन १० टक्क्यांची वेगळी मर्यादा दिलेली आहे. एखाद्या झुडपाच्या मधाची कायद्याने नावानिशी दखल घ्यावी, हा मान लहान नव्हे. असे असता हाच मध डब्यात भरून, किलोच्या भावाने, फुलाचे नाव न सांगता व्यापाऱ्यास देणारे मधपाळ मी पाहतो, तेव्हा वाईट वाटते.

इंग्लंडातील त्या घरात आणि आपल्या गावात खरा भेद माझ्या मते निराळाच आहे. तेथे नाव एका घराचे आहे, म्हणून त्याची राखण तेच घर करते. आपल्याकडे नाव साऱ्या डोंगराचे आहे. जे सर्वांचे, त्याची राखण कोणीच करीत नाही. घाटरस्त्याला मोटारी थांबतात तेथे ‘शुद्ध डोंगरी मध’ अशी पाटी लावून कोणीही बसतो. बाटलीवर गाव नसते, फूल नसते, काढणीचा महिना नसतो. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने बाजारातील १३ नाममुद्रांच्या मधाची तपासणी प्रसिद्ध केली; त्यांपैकी १० नाममुद्रा शुद्धतेच्या कसोटीस उतरल्या नाहीत. तेव्हापासून शहरातील गिऱ्हाईक मधाच्या बाटलीकडे संशयानेच पाहते. त्याच्या मनात आज विश्वासू मधाची जी जागा रिकामी आहे, ती आपल्या मधपाळांची आहे.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. पूर्वी मी ज्या डोंगरी तालुक्यात होतो, तेथील एका मधपाळ गटास मी खटपट करून दिवाळीच्या भेटीसाठी ३०० बाटल्यांची मागणी मिळवून दिली. भाव उत्तम ठरला होता. गटाजवळ जांभळाचा मध भरला जेमतेम १८० बाटल्यांचा. उरलेल्या बाटल्यांचे काय, असे गटप्रमुखांनी मला विचारले. मी म्हणालो, “मागणी हातची घालवू नका, काही तरी व्यवस्था करा.” व्यवस्था झाली. उत्तरेकडील मोहरीचा मध व्यापाऱ्याकडून आला आणि त्याच चिठ्ठीच्या बाटल्यांत भरला गेला. मोहरीचा मध थंडीत लवकर थिजतो. संक्रांतीच्या सुमारास तक्रारी सुरू झाल्या: एका घरी काळसर, किंचित कडवट, पातळ मध, तर शेजारच्या घरी पांढरट घट्ट गोळा, आणि दोहोंवर चिठ्ठी एकच! लोकांनी साखर मिसळल्याचा आरोप केला. साखर त्यात नव्हती. मध थिजणे हा मुळीच दोष नव्हे, तो मधाचा स्वभाव आहे. दोष चिठ्ठीत होता, आणि ती चिठ्ठी लावण्याचा सल्ला माझा होता. पुढील दिवाळीस मागणी आली नाही. १८० बाटल्यांतील खऱ्या मधाचेही नाव त्यात गेले, ते मधपाळांच्या अजून मनात आहे आणि माझ्याही.

म्हणून आज माझे मत असे झाले आहे की, चढ्या भावाने मध विकू इच्छिणाऱ्या गटाने पहिली खरेदी बाटल्यांची न करता एका जाड वहीची करावी. कोणाच्या किती पेट्या, कोणत्या शिवारात, कोणत्या तारखेस किती किलो मध निघाला, त्याच्या किती बाटल्या भरल्या, हे सर्व तीत लिहावे आणि प्रत्येक बाटलीस वहीतील अनुक्रमांक द्यावा. बाटल्यांची बेरीज मधाच्या वजनाशी जुळली पाहिजे. जेथे एकाच फुलाचा मध खात्रीने वेगळा काढता येत नाही, तेथे ‘रानफुलांचा मध’ असे लिहावे; त्यात कमीपणा नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असावाच लागतो, याची आठवण ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी द्यावी.

मालाबाबत एकच गोष्ट सांगतो, कारण नाव शेवटी तिच्यावरच टिकते. मेणाचे झाकण न लागलेल्या चौकटी घाईने मधयंत्रात घालू नयेत. कच्च्या मधात पाणी अधिक राहते, तो आंबतो, आणि अन्नमानकातील २० टक्के पाण्याची मर्यादा सातेरीच्या मधास आधीच अवघड जाते. पावसाळ्यात डोंगरावर माश्यांना चारा नसतो. त्या काळासाठी पोळ्यात ठेवलेला मध हा तोटा समजू नये. बाटलीची किंमत ठरविताना काचेचा, चिठ्ठीचा व वाहतुकीचा खर्च आपण धरतो, तसा न काढलेल्या मधाचाही धरावा. गिऱ्हाइकास ते मोकळेपणी सांगितले तर ते पटते, असा माझा अनुभव आहे. बाटली पाव किलोची ठेवावी; भाव मोठा असला तरी प्रथमच घेणाऱ्याचा हात मागे येत नाही.

आणि मध संपला की ‘मध संपला’ अशी पाटी लावावी. हे सर्वांत कठीण. गिऱ्हाईक पैसे हातात धरून उभे असते, शेजारचा विक्रेता बाटल्या मांडून बसलेला असतो, आणि घरात मुलांच्या शाळेचा खर्च समोर असतो. मोह मी जाणतो. मी स्वतःच त्यास बळी पडलो आहे. परंतु त्या गटाने दोन वर्षांनी पुन्हा विक्री सुरू केली, तेव्हा १४० बाटल्या भरल्या, तेवढ्याच विकल्या आणि नंतर पाटी लावली. रिकाम्या हाताने परतणाऱ्यांपैकी काहींनी आपली नावे व दूरध्वनी क्रमांक वहीच्या मागील पानावर लिहून ठेवले. पुढील वैशाखात जांभळाचा मध निघाला, तेव्हा गटप्रमुखांनी प्रथम ते पान उघडले.