मन काय फक्त त्यांनाच आहे?



मराठी समीक्षेने एक वाटणी फार पूर्वीच करून ठेवली. मन त्यांच्या वाट्याला, मार आमच्या वाट्याला. त्यांचा नायक खिडकीत बसून बालपण आठवतो, ती नवकथा. आमचा माणूस आठवतो, तो दस्तऐवज! ठेवा म्हणे समाजशास्त्राच्या कपाटात.

१९२२ साली जॉइसची ‘युलिसिस’ आली. पुढे १९४२ साली बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ लिहिली आणि संज्ञाप्रवाह मराठी कादंबरीत आला. विचार मनात सरळ रांगेने येत नाहीत, आठवण मध्येच घुसते, हे या लेखकांनी दाखवले. शोध मोठाच आहे, आम्ही तो नाकारत नाही. पण मनाचे तुकडे होतात कशाने? कंटाळ्याने? शहरातल्या गर्दीने? आमच्याकडे ते काम जात करते.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ वाचा. १९६३ चा संग्रह. जात लपवणारा माणूस तोंडाने एक बोलतो, आत दुसरेच चाललेले असते. शब्द ओठावर येण्याआधी आत त्याची झडती होते. हे स्वगत हौसेचे नाही, जीव वाचवण्याचे आहे. १९७८ साली दया पवारांनी ‘बलुतं’त एका माणसाचे दोन केले. दगडू मारुती पवार सांगतो अन् दया पवार ऐकतो. मागे राहिलेला मी आणि शिकून पांढरपेशा झालेला मी. असे दस्तऐवजात असते काय?

आपल्या विदर्भातल्या कुमुद पावडे घ्या. पुस्तकाचे नावच ‘अंतःस्फोट’, १९८१. संस्कृत शिकल्या, पण त्या भाषेची नोकरी मिळाली ती लग्नाने आडनाव बदलल्यावर. मग नोकरी कोणाला मिळाली? सोमकुंवरच्या पोरीला की पावड्यांच्या सुनेला? हा प्रश्न बाईच्या आत सुरुंगासारखा फुटतो.

आता आपलेही कान धरू. यवतमाळ, पुसद, वणी, घाटंजीहून आमच्याकडे कथा येतात. त्यात पाटील येतो, काठी येते, मोर्चा निघतो, नायकाची मूठ वर जाते. खलास! पण दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून, काट्यावर दोन किलो मारले गेलेले मुकाट्याने पाहून घरी आलेली माय रात्री पडल्या पडल्या काय आठवते? तिच्या आत कोण बोलते? त्याची एक ओळ नसते. म्हणजे तिला मन नाही हे आपणही कबूल केले की काय राजेहो?

घोषणा मोर्चात द्या, घसा फोडून द्या. कथेत मात्र त्या मायजवळ बसा, तिचे ऐका. ती थांबेल, मधलेच सांगेल, विसरेल, पुन्हा मागे जाईल. तसेच लिहा. व्याकरणाचे आम्ही पाहून घेऊ.

पुढच्या अंकासाठी कथा पाठवा.

जय भीम!